मँचेस्टर युनायटेड: ६६ कोटी पौंडांची कमाई, तरी तोटा. पाणी नेमकं कुठे मुरतंय?

लाल_मफलर (धागाकर्ता)

प्रश्न सरळ आहे आणि उत्तर आकड्यांत हवं आहे. 'मालक वाईट आहेत' एवढंच सांगणारे प्रतिसाद खूप वाचून झाले.

३० जून २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात युनायटेडने ६६ कोटी ६५ लाख पौंड कमावले. क्लबच्या इतिहासातला हा उच्चांक. आणि तो कोणत्या वर्षी? संघ ४२ गुणांवर अडकून लीगमध्ये १५वा आला आणि बिल्बाओतल्या युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून १-० हरला, त्या वर्षी. एवढी कमाई होऊनही तोटा ३ कोटी ३० लाख. त्याच्या आदल्या वर्षी ११ कोटी ३२ लाख, त्याआधी २ कोटी ८७ लाख, त्याआधी ११ कोटी ५५ लाख. २०२० पासून नफ्याचं एकही वर्ष नाही.

आणि काटकसर कुणाच्या वाट्याला? २०२४ च्या उन्हाळ्यात सुमारे २५० कर्मचारी गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी १५० ते २०० जागा कमी करणार असं जाहीर झालं. डिसेंबर २०२४ मध्ये सीझन अर्ध्यावर असताना सदस्यांसाठी उरलेल्या सामन्यांची तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली. आधी मोठ्यांचं तिकीट ४० पौंडांपासून आणि मुलांचं २५ पासून मिळत होतं. नव्या दरात मुलं, ज्येष्ठ, कुणालाच सवलत नाही.

पुण्यात रात्री दीडला उठून सामना बघणारे असोत की लेस्टरहून गाडी काढून ओल्ड ट्रॅफर्डला जाणारे, सगळ्यांना एकच कोडं आहे. एवढा पैसा येतो, मग तो जातो कुठे? २००५ च्या कर्जाचं आज नेमकं काय चाललंय? तिकीट महाग करून आणि माणसं काढून खरंच काही वाचतं का? आणि पाठीराख्याच्या हातात काही आहे की फक्त फलक धरून उभं राहायचं? ज्यांनी क्लबचे हिशेब वाचले आहेत त्यांनी कृपया विस्ताराने लिहा.

---

जमाखर्च

कर्जाचं मी सांगतो, खेळाडूंच्या खर्चावर दुसरं कुणीतरी लिहा.

आधी कागद कुठे मिळतात ते. क्लब न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेला आहे, त्यामुळे त्याला अमेरिकेच्या बाजार नियामकाकडे दरवर्षी 'फॉर्म २०-एफ' हा अहवाल द्यावा लागतो. तिमाही निकाल 'फॉर्म ६-के'मध्ये येतात. दोन्ही नियामकाच्या 'एडगर' या साइटवर फुकट आहेत. वाचताना शेवटच्या ओळीतला नफा-तोटा आधी बघू नका. आधी रोकड प्रवाहाचं पान काढा, मग 'बॉरोइंग्ज' (कर्जं) आणि 'ट्रेड पेयेबल्स' (इतरांची देणी) या दोन टिपा वाचा. तोट्याचा आकडा विनिमय दराने आणि घसाऱ्याने वरखाली होतो. रोकडीच्या पानावर मात्र बँकेत आलेला आणि बँकेतून गेलेला पैसाच दिसतो.

आता कर्ज. मे २००५ मध्ये माल्कम ग्लेझर यांनी क्लब ताब्यात घेतला तेव्हा त्याची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड धरली होती. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश पैसा उसना होता आणि त्याचं ओझं आलं क्लबवर, जो तोपर्यंत कर्जमुक्त होता. एखाद्याने कर्ज काढून चाळ विकत घ्यावी, तारण म्हणून तीच चाळ ठेवावी आणि हप्ते भाडेकऱ्यांकडून वसूल करावेत, असा हा व्यवहार. इंग्लंडमध्ये तो पूर्ण कायदेशीर होता, म्हणून तर थांबवता आला नाही.

त्या कर्जाचा एक भाग 'पिक' प्रकारचा होता. यात व्याज रोख भरायचं नसतं, ते मुद्दलात चढत जातं. दर १४.२५ टक्के, ऑगस्ट २०१० पासून १६.२५. १४.२५ टक्क्यांनी मुद्दल साधारण सव्वापाच वर्षांत दुप्पट होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये हे कर्ज फिटलं तेव्हा रक्कम २२ कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. त्याच वर्षी जानेवारीत क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे काढून बँकांचं जुनं कर्ज फेडलं होतं. म्हणजे कर्ज गेलं नाही, त्याचं नाव बदललं. ऑगस्ट २०१२ मध्ये १४ डॉलरच्या भावाने शेअर विकून २३ कोटी ३० लाख डॉलर उभे राहिले. त्यातले निम्मे क्लबला मिळाले, निम्मे ग्लेझर कुटुंबाला.

३० जून २०२५ ला मूळ रक्कम ६५ कोटी डॉलर होती. त्यात ४२.५ कोटींचे रोखे ३.७९ टक्के स्थिर व्याजाचे, मुदत २०२७. उरलेलं २२.५ कोटींचं मुदत कर्ज, मुदत २०२९. शिवाय बँकेची फिरती उचल वेगळी. तीतून गरजेप्रमाणे पैसे काढायचे आणि परत भरायचे. वीस वर्षं हप्ते भरून मुद्दल तिथल्या तिथे आहे.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली म्हणजे कर्ज डॉलरमध्ये आणि हिशेब पौंडात. पौंडाला १.२५ डॉलर असा भाव असेल तर ६५ कोटी डॉलर म्हणजे ५२ कोटी पौंड. भाव १.३५ झाला की तेच कर्ज ४८ कोटी १५ लाख पौंड दिसतं. एक पैसाही फेडलेला नसतो, तरी 'क्लबचं कर्ज कमी झालं' असा मथळा येतो. उलट्या दिशेनेही हेच होतं. कर्जाचा आकडा कायम डॉलरमध्ये बघा.

दुसरी गोष्ट २०२७ ची. ३.७९ टक्के हा स्वस्त पैशाच्या काळातला दर आहे. ४२.५ कोटींवर त्याचं वार्षिक व्याज होतं १ कोटी ६१ लाख डॉलर. नवं कर्ज समजा ६.५ टक्क्यांनी मिळालं तर तेच २ कोटी ७६ लाख. दरसाल साधारण १ कोटी १५ लाख डॉलर जादा, आणि बदल्यात मैदानावर काहीच नाही.

लाभांशाचंही सांगून टाकतो. २०१६ ते २०२२ या काळात क्लब दरवर्षी साधारण २ कोटी २० लाख पौंड लाभांश वाटत होता. इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लब मालकांना असा नियमित लाभांश देत नाहीत. कोविडच्या काळात, रिकाम्या स्टेडियममध्ये सामने चालले असतानाही तो दिला गेला. व्याज, कर्जफेड आणि लाभांश मिळून २००५ पासून १०० कोटी पौंडांहून जास्त पैसा क्लबबाहेर गेला आहे. मालकांच्या बाजूने क्लबमध्ये आलेलं पहिलं मोठं भांडवल म्हणजे २०२४ मध्ये सहमालक झालेल्या जिम रॅटक्लिफ यांचे ३० कोटी डॉलर: २० कोटी फेब्रुवारी २०२४ मध्ये, १० कोटी त्याच वर्षाच्या अखेरीला. त्यांनी कुटुंबाला आणि इतर भागधारकांना ३३ डॉलरच्या भावाने दिलेला पैसा वेगळा. तो शेअर विकणाऱ्यांच्या खिशात गेला, क्लबच्या नाही. या दोन रकमांची गल्लत फार होते.

---

डावा_विंगबॅक

वरच्या प्रतिसादातला प्रत्येक आकडा मान्य. पण सगळा दोष कर्जावर टाकला की फुटबॉल विभाग सुटतो. २०१३ मध्ये मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून खेळाडूंची विक्री वजा केली तरी क्लबने खरेदीवर १०० कोटी पौंडांहून जास्त खर्च केला आहे. पैसा नव्हता असं नाही, तो वाया गेला. कसा, ते सांगतो.

खेळाडू घेतला की त्याची फी हिशेबात एकदम लागत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते. अँटनीचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये आयाक्सला सुमारे ८ कोटी १० लाख पौंड, करार पाच वर्षांचा. म्हणजे दरसाल १ कोटी ६२ लाखांचा घसारा. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरते ३ कोटी २४ लाख. २०२५ मध्ये तो रेआल बेतिसला गेला साधारण २ कोटी पौंडांना. सव्वा कोटीचा फटका त्या एका व्यवहारात, आणि तीन वर्षांचा पगार वेगळा. (फी लांबलचक कराराच्या आठ वर्षांत पसरवायची युक्ती आता चालत नाही. प्रीमियर लीगने डिसेंबर २०२३ पासून कमाल पाच वर्षांची मर्यादा घातली आहे.)

याच्या उलट अकादमीतला खेळाडू. त्याची वहीतली किंमत शून्य, म्हणून विकला की सगळीच रक्कम नफा. स्कॉट मॅकटॉमिनेला ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांना नापोलीला विकलं ते यासाठीच. तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या लीगच्या नियमांना हे गोड लागतं. त्याच सीझनमध्ये नापोलीने इटलीची लीग, सेरी आ, जिंकली आणि मॅकटॉमिने तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नियम पाळायचे म्हणून घरची मुलं विकायची आणि बाहेरच्या महागड्या चुका वहीत सांभाळत बसायचं, हे चक्र फिरतंय. मला कर्जापेक्षा याचा जास्त त्रास होतो.

रोकडीच्या बाजूने बघितलं तर फी हप्त्यांत दिली जाते. म्हणून जमाखर्च म्हणतात ती 'ट्रेड पेयेबल्स'ची टीप महत्त्वाची. इतर क्लबांना देणं असलेली रक्कम तिथे दिसते आणि युनायटेडची ती ३० कोटी पौंडांच्या वर राहिलेली आहे. बँकेच्या कर्जाशेजारी हे दुसरं कर्ज उभं आहे आणि बातम्यांत ते क्वचितच येतं. मार्च २०२५ मध्ये रॅटक्लिफ यांनी मुलाखतींत सांगितलं ते हेच: येत्या उन्हाळ्यात पैसे जाणार ते अँटनी, कासेमिरो, ओनाना, होयलुंड, सांचो यांच्यासाठी, म्हणजे आधीच घेतलेल्यांसाठी.

आता मॅनेजर. हा क्रम बघा.

मोरिन्यो: जानेवारी २०१८ मध्ये करार वाढवला, डिसेंबर २०१८ मध्ये काढलं. भरपाई त्यांची आणि सहकाऱ्यांची मिळून १ कोटी ९६ लाख.
सोल्स्कयार: जुलै २०२१ मध्ये नवा करार, नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलं.
टेन हाग: जुलै २०२४ मध्ये करार वाढवला, २८ ऑक्टोबर २०२४ ला काढलं. भरपाई १ कोटी ४ लाख.

तीन वेळा तीच चूक, तिसऱ्यांदा तर नव्या व्यवस्थापनाकडून. करार वाढवल्याने भरपाईचा आकडा आपोआप फुगतो, कारण ती उरलेल्या मुदतीवर ठरते. शिवाय टेन हागच्या पसंतीने २०२४ च्या उन्हाळ्यात झिर्कझे, दे लिख्त, मझरावी हे आले आणि नोव्हेंबरमध्ये अमोरिम आले, तेही स्पोर्टिंगला १ कोटी १० लाख युरो मोजून. अमोरिम तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे) घेऊन खेळायचे, आणि संघ होता चार बचावपटूंच्या मागच्या फळीसाठी जमवलेला. डावीकडे विंगबॅक म्हणता येईल असा माणूस फेब्रुवारी २०२५ मध्ये दोर्गू येईपर्यंत नव्हता. बाजूने खेळणारे विंगर त्या रचनेत बसत नव्हते, म्हणून त्यांना लोनवर धाडायचं आणि पगाराचा काही भाग आपणच भरायचा. सांचोच्या बाबतीत तर चेल्सीने विकत घेण्याचं बंधन ५० लाख पौंड दंड भरून मोडलं आणि खेळाडू परत आला.

फुटबॉल संचालकपदावर डॅन ॲशवर्थ जुलै २०२४ मध्ये आले, डिसेंबरमध्ये गेले. त्यांच्या जाण्याचा खर्च ४१ लाख. टेन हागच्या आकड्यात मिळवा: १ कोटी ४५ लाख पौंड.

---

लाल_मफलर

हे १ कोटी ४५ लाख तिकिटांच्या शेजारी ठेवून बघता येतील का? ६६ पौंडांच्या निर्णयातून किती आले असतील?

---

जमाखर्च

ढोबळ करून बघू. सीझन तिकीटधारक, पाहुण्या संघाचे प्रेक्षक आणि कॉर्पोरेट बैठका वगळल्या तर दर सामन्याला विक्रीला उरलेली सदस्य तिकिटं थोडीच असतात. धरून चाला ३,०००. तिकिटामागे जादा २६ पौंड. म्हणजे सामन्याला ७८,०००. असे दहा सामने धरले तर ७ लाख ८० हजार पौंड. संख्या दुप्पट धरली तरी साडेपंधरा लाखांच्या आसपास. मॅनेजर आणि संचालक यांना घालवण्याच्या खर्चाचा हा जेमतेम नववा भाग, आणि त्यासाठी बापाने पोराला सामन्याला नेणं महाग केलं.

कमाईची फोड समोर ठेवली की मोठं चित्र दिसतं. २०२४-२५: व्यावसायिक करार ३३ कोटी ३३ लाख, प्रक्षेपण १७ कोटी २९ लाख, सामन्याच्या दिवसाची कमाई १६ कोटी ३ लाख. आदल्या वर्षी हेच ३० कोटी २९ लाख, २२ कोटी १८ लाख आणि १३ कोटी ७१ लाख. म्हणजे चॅम्पियन्स लीग गेल्यामुळे आणि लीगमध्ये घसरल्यामुळे एका वर्षात प्रक्षेपणाचे जवळपास ४ कोटी ९० लाख बुडाले. प्रीमियर लीगमध्ये एकेका स्थानाची किंमत सुमारे ३० लाख पौंड आहे. १५व्या ऐवजी दहावा नंबर आला असता तरी दीड कोटी जास्त मिळाले असते. ते कोणत्याही तिकीटवाढीने भरून निघत नाहीत.

सामन्याच्या दिवसाच्या १६ कोटींवर खूश होऊ नका. त्या वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर पुरुष संघाचे ३० सामने झाले: लीगचे १९, युरोपा लीगचे ७, दोन्ही देशी कपांचे मिळून ४. सरासरी सामन्यामागे साधारण ५३ लाख. युरोपात नसलात की सात सामने सरळ गेले: पावणेचार कोटी. आदिदासच्या करारात (दहा वर्षं, किमान ९० कोटी पौंड) चॅम्पियन्स लीग चुकली की वर्षाला १ कोटी पौंडांची कपात आहे, ती वेगळी.

नोकरकपातीबद्दल. पगाराचा एकूण खर्च ३६ कोटी ४७ लाखांवरून ३१ कोटी ३२ लाखांवर आला. बघणाऱ्याला वाटतं, माणसं काढली म्हणून. त्यातला मोठा वाटा खेळाडूंच्या करारांचा आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये खेळत नसू त्या वर्षी पगार सुमारे २५ टक्के कमी, असं कलम बहुतेकांच्या करारात असतं. पात्र ठरलो की हाच आकडा पुन्हा वर जाणार. कार्यालयातल्या २५० माणसांची वर्षाची बचत आणि एका अपयशी स्ट्रायकरचा वर्षाचा घसारा अधिक पगार यांची तुलना केली तर फारसा फरक उरत नाही.

---

पत्रा_गळतो

स्टेडियमबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. ओल्ड ट्रॅफर्डचं शेवटचं मोठं काम २००६ चं, कोपऱ्यांतले वरचे मजले. तेही ग्लेझर येण्याआधी ठरलेलं. त्यानंतर डागडुजीच. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर छतावरून धबधबा कोसळताना सगळ्या जगाने पाहिला. छप्पर एकदम गळायला लागत नाही. पन्हाळी साफ ठेवणं, सांधे वेळेवर बदलणं, पत्र्याचा गंज काढणं हे दरवर्षीचं काम आहे. ते पुढे ढकललं की त्या वर्षीचा हिशेब चांगला दिसतो आणि बिल दहा वर्षांनी येतं.

मार्च २०२५ मध्ये एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर झाला. खर्चाचा अंदाज २०० कोटी पौंड. नियमांच्या दृष्टीने स्टेडियमचा खर्च तोट्याच्या मर्यादेत धरत नाहीत, ही जमेची बाजू. पण पैसा कुठून आणणार हे जाहीर नाही. आधीचे ६५ कोटी डॉलर डोक्यावर असताना नवं कर्ज कुणाच्या नावावर चढणार, हा प्रश्न पाठीराख्यांनी आत्ताच लावून धरायला हवा. पायाभरणी झाल्यावर विचारून उपयोग नाही. वाढीव क्षमतेतली किती तिकिटं सर्वसामान्यांच्या दराची आणि किती कॉर्पोरेट, हे आकडेही लेखी मागावेत.

---

बाणेर_ते_बरी

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नावर. पाठीराख्याच्या हातात काय आहे?

शेअर घेणं. न्यूयॉर्कला विकला जाणारा शेअर 'अ' वर्गाचा, एक शेअर एक मत. कुटुंबाकडचा 'ब' वर्गाचा, एक शेअर दहा मतं. ज्या ठरावाला दोन तृतीयांश मतं लागतात तिथे 'ब' वर्गाचं एकत्रित वजन ६७ टक्के राहील अशी तजवीज नियमावलीतच आहे. कंपनी केमन बेटांवर नोंदलेली. थोडक्यात, मतदानाने काही बदलेल या आशेने घेऊ नका. भारतातून घ्यायचाच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात. पण मग विवरणपत्र आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ भरून परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो एक शेअर दाखवावा लागतो, कितीही छोटा असला तरी. हे लोक विसरतात आणि नोटीस येते.

संघटित होणं. मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट ही सदस्यांची संस्था आहे आणि परदेशातूनही तिचं सदस्य होता येतं. २०१० मध्ये न्यूटन हीथच्या (क्लबचं मूळ नाव) हिरव्या-सोनेरी मफलरींनी स्टेडियम भरलं, तरी मालक हलले नाहीत. मे २०२१ मध्ये मोठ्या क्लबांच्या फुटीर सुपर लीगच्या प्रकरणानंतर लोक मैदानात उतरले, लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलावा लागला. त्यानंतर मालकांनी पाठीराख्यांसाठी शेअर योजनेचं आश्वासन दिलं, बोलणी झाली, योजना आली नाही. माझ्या मते धडा असा की सामना थांबला तेव्हाच दार किलकिलं झालं, आणि मागणी लेखी मुदतीत न बांधल्यामुळे ते परत लागलं.

कायदा. खरा बदल इथे आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. वरच्या पाच स्तरांतल्या ११६ क्लबांना त्याचा परवाना लागणार. आर्थिक नियोजन दाखवावं लागणार, मालक आणि संचालकांची पारख होणार, पाठीराख्यांशी ठरावीक विषयांवर सल्लामसलत करावी लागणार, त्यात तिकिटाचे दरही येतात. बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचे रंग पाठीराख्यांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत, मैदान विकायचं किंवा हलवायचं तर नियामकाची मंजुरी लागणार. २०१९ मध्ये बरीसारखा जुना क्लब कर्जात बुडून लीगबाहेर फेकला गेला, त्यातून हे सगळं आलं.

पुणेकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला नारिंगी कपडे घालून येणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही, कारण विचारायला भाग पाडणारा नियमच नव्हता.

जर्मनीसारखा '५०+१' इंग्लंडमध्ये आणा, असं प्रत्येक चर्चेत कुणीतरी म्हणतं. तिथे मतांचं बहुमत सदस्यांच्या संस्थेकडे राहतं. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे अपवाद. पण ज्याची किंमत आधीच शेकडो कोटी पौंड झाली आहे त्या क्लबमध्ये बहुमत विकत कोण घेणार? आणि सदस्यांची मालकी म्हणजे शहाणा कारभार असंही नाही. बार्सिलोना सदस्यांचाच आहे, तरी २०२२ मध्ये लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नाचा चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकायची वेळ आली.

---

डावा_विंगबॅक

कायद्याच्या मुद्द्याला एक जोड. तोट्याची २०२५-२६ पर्यंतची मर्यादा तीन वर्षांत १०.५ कोटी पौंड, आणि त्यातले ९ कोटी मालकाने भांडवल घालून भरून काढायचे. तसं नसेल तर मर्यादा फक्त दीड कोटी. २०२६-२७ पासून याच्या जागी संघखर्चाचं गुणोत्तर येतं: खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षकाचे पगार, घसारा, एजंटांची फी मिळून फुटबॉलच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत. युरोपात खेळायचं तर ७० टक्के. २०२३-२४ मध्ये युनायटेडचा एकूण पगार ३६ कोटी ४७ लाख आणि घसारा १९ कोटींच्या आसपास, म्हणजे ६६ कोटी १८ लाखांच्या कमाईवर ८४ टक्के. या आकड्यात कार्यालयाचे पगारही आहेत, त्यामुळे खरं गुणोत्तर कमी निघेल, पण अंदाज येतो.

महत्त्वाचं हे की नव्या गुणोत्तरात कर्जाचं व्याज धरलं जात नाही. जुन्या नियमात व्याजाने तोटा वाढायचा आणि मर्यादा जवळ यायची. आता व्याज कितीही असो, खरेदीवर नियमाचा लगाम बसणार नाही, रोकडीचा बसेल. म्हणजे नव्या नियमाखाली 'नियमात बसतोय' असं क्लबने म्हटलं तरी फिरती उचल किती वापरली आहे ते तपासा.

---

लाल_मफलर

सगळ्यांचे आभार. २०-एफ उतरवून घेतला. फिरत्या उचलीचा आकडा 'बॉरोइंग्ज'च्या टिपेतच असतो ना, की वेगळा शोधावा लागतो?

---

जमाखर्च

त्याच टिपेत. चालू आणि दीर्घ मुदतीची कर्जं वेगळी दाखवलेली असतात. रोखे आणि मुदत कर्ज दीर्घ मुदतीत, उचल बहुतेक चालूमध्ये. वर्षअखेरचा एकच आकडा बघू नका, जूनमध्ये सीझन तिकिटांचे पैसे जमा होत असतात म्हणून त्या दिवशी चित्र बरं दिसतं. सप्टेंबर आणि डिसेंबरचे ६-के काढून चार तिमाह्या एका कागदावर शेजारी शेजारी मांडा.